उसनं विरजण

बशीतल्या पेढ्याला एकाच बाजूला दातांची खूण होती. मृण्मयीनं नजरेनंच अंदाज घेतला. अख्खा पेढा पंचवीस ग्रॅमचा. खाल्लेला भाग चार, फार तर पाच ग्रॅम. चावलेली कड सुकून तिच्यावर बारीक भेगा पडल्या होत्या. म्हणजे पेढा निदान तासभर तसाच पडून होता.

हे गेले सतरा दिवस चाललं होतं.

साताऱ्यातल्या त्या गल्लीत 'देऊरकर पेढेवाले' ही पाटी लागून एकसष्ट वर्षं झाली होती. त्यातली एकेचाळीस वर्षं, सकाळचा पहिला घाणा उतरला की मृण्मयीचे वडील, अण्णा, स्टुलावर बसून एक पेढा खात. ही त्यांची परीक्षा होती आणि तिची पद्धत ठरलेली होती. पेढा खायचा, हात मांडीवर ठेवायचा आणि काहीही विचार न करता गल्लीकडे बघत बसायचं. हात आपणहून दुसऱ्या पेढ्याकडे गेला, तर घाणा जमला. नाही गेला, तर तो घाणा काउंटरवर जायचा नाही. खव्याचा ओलावा, साखर, रंग, सगळं अण्णांना कळत असे. पण विश्वास त्यांचा फक्त हातावर.

"खव्यात काहीतरी आहे," अण्णा म्हणाले.

"काय असणार अण्णा? दिवाळीपासून दूध तेच, म्हशी त्याच."

"गोड लागतोय. कमी नाही, जास्त नाही. पण पुढे काही होत नाही." त्यांनी उजवा हात उलटासुलटा करून पाहिला, जणू दोष तिथे सापडेल. मग भट्टीकडे नजर टाकून आवाज खाली आणला. "खव्याचा माणूस बदलायला सदूनंच सांगितलं होतं, आठवतंय? दिवाळीनंतर. तेव्हा मी काही बोललो नाही."

भट्टीवर सदाशिव लोहार कढईतला खवा परतत होता. तेहतीस वर्षं तो तिथेच उभा होता. मृण्मयी शाळेत जायच्या आधीपासून त्याला सदूकाका म्हणत आली होती. त्याची पाठ या दोघांकडे होती आणि उलथन्याचा आवाज एका लयीत चालू होता. पण अण्णांनी आवाज खाली आणला तेव्हा ती लय क्षणभर अडखळली, हे मृण्मयीच्या लक्षात आलं.

खव्यात काही नाही, हे तिला ठाऊक होतं. जे होतं ते वरच्या मजल्यावर, आईच्या स्वयंपाकघरात, दह्याच्या भांड्यात होतं. आणि ते तिनं स्वतः ठेवलं होतं.

मृण्मयी शहराबाहेरच्या आहारविज्ञान संस्थेत संशोधक होती. माणसं जे खातात ते का खातात, हा तिचा विषय. चौदा वर्षांच्या कामातून तिला एक गोष्ट पक्की कळली होती, की त्यात माहितीचा वाटा फार थोडा असतो. पुरावा घरातच होता. काउंटरमागच्या भिंतीवर तिनंच लावलेला तक्ता होता: अर्धं ताट भाज्या, पाव भाग डाळ-उसळ, पाव भाग भाकरी नाहीतर भात. अण्णा तो तक्ता गिऱ्हाइकांना समजावून सांगत आणि सांगता सांगता एक पेढा तोंडात टाकत. त्यांच्या दंडात, आता बहुतेक मधुमेही माणसांच्या असते तशी, साखर मोजणारी चकती बसवलेली होती. साखर चढली की ती घंटा वाजवी. "आलो रे बाबा," असं तिला म्हणून अण्णा पेढा संपवत.

माणूस खातो ते सवयीनं, सोबतीनं, वासानं, हाताच्या अंतरावर काय ठेवलंय त्यानं. आणि या सगळ्याच्या खाली असतं आतडं. जिभेला गोड कळतं, पण 'आणखी हवं' हे काही जीभ ठरवत नाही. लहान आतड्याच्या अस्तरात काही खास पेशी विखुरलेल्या असतात. साखर तिथे पोचली की त्या व्हेगस नावाच्या लांब मज्जातंतूला खबर देतात आणि सेकंदाच्या आत ती मेंदूत पोचते. माणसाला यातलं काहीच जाणवत नाही. त्याला एवढंच दिसतं, की आपला हात पुढे गेलाय.

संस्थेनं दह्यातल्या एका साध्या जिवाणूत बदल करून त्याला या पेशींच्या शेजारी वस्तीला राहायला लावलं होतं. साखर आली की तो एक रेणू सोडे आणि खबर वाटेतच विरून जाई. चव तशीच राही, ओढ जाई. जिवाणूचं नाव ठेवलं होतं तृप्ती-नऊ. साठ स्वयंसेवकांनी चार पानी संमतीपत्रावर सह्या करून ते दही बंद वाट्यांतून खाल्लं होतं आणि संस्थेत सगळे खुशीत होते.

त्याच सुमारास अण्णांचे मूत्रपिंडाचे अहवाल आले. डॉक्टरांनी कागदावर उतरता आलेख काढून दाखवला. असंच चाललं तर दोन वर्षांत डायलिसिस. घरी येताना अण्णा गाडीत म्हणाले, "बघू." गेल्या सहा वर्षांत ते प्रत्येक अहवालावर 'बघू'च म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी मृण्मयीनं स्टीलच्या छोट्या डबीतून चमचाभर दही आणलं. "आई, आमच्या ऑफिसातल्या बाईंकडचं विरजण आहे. दही घट्ट लागतं." एवढंच वाक्य ती खोटं बोलली. अण्णांना सांगायचं तिनं पुढे ढकललं. आधी गुण येऊ दे, मग सांगू. गुण आला, तेव्हा वाटलं, जरा स्थिर होऊ दे. विरजण आणून आता सात आठवडे झाले होते.

*

अण्णांनी खव्याचा गोळा डबीत घालून तिच्या हातात दिला. "तुझ्या मशीनमध्ये घाल. काय ते बघ."

निकाल ठाऊक असूनही तिनं तो तपासला. स्निग्धांश, ओलावा, आम्लता, सगळं जिथल्या तिथे. स्टार्च नाही, वनस्पती तूप नाही. तिनं छापील अहवाल आणून काउंटरवर ठेवला. अण्णांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"मशीन खोटं बोलत नाही," ते म्हणाले.

"नाही."

"पण विचारलं तेवढंच सांगतं. तुझं काहीतरी विचारायचं राहिलंय, मृण्मयी."

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. ती कागदाची घडी घालत राहिली.

तेवढ्यात कोल्हापूरकडे निघालेलं एक कुटुंब गाडी थांबवून आत आलं. बाप्यानं चवीला पेढा घेतला, बोलता बोलता दुसरा उचलला, मग तिसरा. बायको म्हणाली, "अहो, पुरे की! घरच्यांना राहू दे." शेवटी त्यांनी दोन किलो बांधून घेतले. अण्णा पूर्ण वेळ त्या माणसाच्या हाताकडे बघत होते.

"त्याचा गेला," ते गेल्यावर अण्णा म्हणाले. "गेल्या आठवड्यापासून मी लक्ष ठेवून आहे. बाहेरगावच्यांचा हात जातो. गल्लीतल्यांचा जात नाही. कुंभोजकरबाई संकष्टीचा अर्धा किलो चुकवायच्या नाहीत. परवा आल्या आणि पाव किलोच न्यायला लागल्या. वर म्हणाल्या, घरात कुणी खात नाही हो." त्यांनी स्टूल जवळ ओढलं. "पेढा चांगला आहे आणि गल्ली फिरलीये. याचा अर्थ काय? कुणीतरी गल्लीत बसून आपल्याबद्दल बोलतंय."

"कोण बोलणार?"

"ज्याला याच गल्लीत स्वतःचं दुकान टाकायचंय, तो. पलीकडचा गाळा रिकामा झालाय. सदू परवा तिथं उभा राहून आत बघत होता."

मृण्मयीला क्षणभर बापाचं कौतुक वाटलं. निरीक्षणं अचूक होती. बाहेरचे आणि गल्लीतले हे दोन गट त्यांनी तिच्या आधी वेगळे काढले होते. फक्त निष्कर्ष चुकत होता, आणि तो चुकू देणारी ती होती. पण गल्लीतल्यांचा हात का जात नाही? विरजण तर फक्त वरच्या मजल्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी कढईच्या वर, पंख्याशेजारी एक नवा कॅमेरा दिसला.

*

दुपारी दुकान बंद असताना सदूकाकानं तिला मागच्या दारी गाठलं.

"ताई, एक इचारू? हसायचं न्हाई."

"विचारा की."

"तुमी शिकलेल्या. माणसाचं तोंड म्हातारं हुतंय का?" तो खांद्यावरच्या टॉवेलचं टोक पिळत होता. "तेहतीस वर्सं कढईतली पहिली गोळी मी खातोय. मालकांच्या आधी. ती खाल्ल्यावर मला कळायचं, आज मालक दुसरा उचलनार का न्हाई. आता खातोय, गोड लागतंय, आन् झालं. काय कळत न्हाई. हात चुकायला लागला असंल माझा. मालक गप असत्यात, पन मला दिसतंय."

सदूकाका रोज दुपारी वर जेवायला असायचा. आई त्याला ताटाशेजारी वाटीभर दही वाढायची. हे तिनं धरलंच नव्हतं.

आत्ता सांगावं. एका वाक्याचं काम होतं.

"डॉक्टरांना दाखवून घ्या एकदा," मृण्मयी म्हणाली.

"डाक्टर काय दाखवनार? मालक काय म्हनायच्या आत आपनच बाजूला व्हावं म्हंतो. त्या मोकळ्या गाळ्यात चहाची टपरी जमंल का ते बगून आलो परवा. चहाला एवढी अक्कल लागत न्हाई."

तो हसला. तिला हसता आलं नाही.

ती तडक वर गेली. भांडं मोरीत उपडं करायचं आणि विषय संपवायचा, असं तिनं जिन्यातच ठरवलं. दारात समोरची नसीमभाभी हातात वाटी घेऊन उभी होती आणि आई तिच्या वाटीत चमचाभर दही घालत होती.

"झोयाच्या हातून आमचं सगळं संपलं बघा," नसीमभाभी सांगत होती. "विरजणालाही ठेवलं नाही. पण वहिनी, तुमच्या दह्याला गुण आहे हं. परवा वाढदिवसाला केक आणला, तर पोरीनं एक चमचा खाल्ला आणि बशी बाजूला सारली. म्हणाली, अम्मी, बास. शहाणी झाली माझी पोर!"

झोया सहा वर्षांची होती. फ्रॉकच्या बाह्यांतून तिचे दंड काडीसारखे बाहेर आलेले असायचे. तिला तर उलट अजून चार घास जास्त जायला हवे होते.

"आई," भाभी गेल्यावर मृण्मयीनं विचारलं, "हे विरजण तू किती जणांना दिलंस?"

"आता मी काय लिहून ठेवते? कुंभोजकर, नसीम, कोपऱ्यावरच्या शिंदेबाई..." आई गल्लीतली घरं एकेक करून बोटावर घ्यायला लागली आणि अकरावर थांबली. "त्यांनी पुढे दिलं असेल. का गं?"

"कशाला दिलंस?"

"कशाला म्हणजे? विरजण मागायला आलेल्या बाईला कुणी नाही म्हणतं का?"

मृण्मयी खुर्चीत बसली. जिवाणू घराबाहेर जाण्याचे मार्ग तिनं तपासले होते. हात, भांडी, सांडपाणी, सगळ्याचे धोके काढून पाहिले होते. तिच्या यादीत वाटी नव्हती. जन्मापासून ती या घराच्या दारात दही मागायला येणाऱ्या वाट्या पाहत होती, स्वतः शेजारी वाटी घेऊन गेली होती, आणि तरी ती वाटी तिच्या यादीत नव्हती.

भांडं ओतून आता उपयोग नव्हता.

*

गुरुवारी अण्णांचे नवे अहवाल आले. आलेख उतरायचा थांबला होता. तीन महिन्यांची सरासरी साखर गेल्या नऊ वर्षांत नव्हती इतकी खाली.

"काय जादू केलीत देऊरकर?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. इच्छाच होत नाही."

"याला म्हणतात निग्रह!" डॉक्टर हसले. अण्णा हसले नाहीत.

घरी येताना ते खिडकीबाहेर बघत होते. "मृण्मयी, निग्रह करताना माणसाला कष्ट पडतात ना? मला काहीच पडले नाहीत. इच्छा अशी जाते का गं? माझे वडील गेले, त्यांच्या तेराव्यालासुद्धा गेली नव्हती."

तिनं गिअर बदलला. सांगितलं तर नोकरी जाणार, हे खरं होतं. चाचणी थांबणार, हेही. पण तिला खरं भय दुसरंच होतं. अण्णांना कळलं तर ते पुन्हा पहिल्यासारखे खायला लागतील आणि दोन वर्षांनी आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घ्यायला जातील. आत्ता शेजारच्या सीटवर बसलेला माणूस बरा होत होता. फक्त तो तिच्यावर, सदूकाकावर आणि आता स्वतःवरही संशय घेत होता.

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढल्यावर अण्णांनी सदूकाकाला समोर बसवलं. आई ताटं करून खाली घेऊन आली होती. अण्णांनी ताटाला हात लावला नाही.

"सदू, दुकान कधी काढतोयस?"

"कसलं दुकान, मालक?"

"त्या गाळ्यात. लपवू नकोस. मला सांगून गेला असतास तर मी नारळ फोडायला आलो असतो. पण आधी माझा पेढा गल्लीच्या नजरेतून उतरवायचा आणि मग आपलं मांडायचं, हे तुझ्याकडून वाटलं नव्हतं."

सदूकाका उठून उभा राहिला. त्याचा चेहरा एकदम लहान झाल्यासारखा दिसला. "मी? मालक, माझ्या हातातनं काय चुकलं असंल तर म्हना. पन हे नका म्हनू."

"उद्यापासून—"

"अण्णा, थांबा," मृण्मयी म्हणाली.

तिचा आवाज तिला स्वतःलाच वर्गात शिकवल्यासारखा वाटला, पण तिनं तो तसाच चालू ठेवला. विरजण, जिवाणू, व्हेगस, सात आठवडे, अकरा घरं. ती काही वगळत नव्हती आणि क्षमाही मागत नव्हती. मागायला सुरुवात केली तर पुढचं सांगता येणार नाही, अशी तिला भीती होती. "सदूकाकांचा हात चुकलेला नाही. पेढा तोच आहे. तुम्हाला तो नको झालाय, कारण मी तो तुम्हाला नको करून ठेवलाय."

आई पदर तोंडाला लावून दह्याच्या वाट्यांकडे बघत राहिली.

अण्णांनी ताटातली वाटी उचलली, वास घेतला, परत ठेवली. मग ते आधी सदूकाकाकडे वळले.

"सदू, बस. मी तुझ्या डोक्यावर कॅमेरा लावला होता."

"ठाव हाय मालक. रोज त्येच्यावरची धूळ मीच पुसतोय."

आईला भलत्या वेळी हसू फुटलं आणि लगेच रडू. मग अण्णांनी मुलीला विचारलं, "मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"मग ते उत्तरच होतं की."

*

त्याच दुपारी मृण्मयीनं संस्थेच्या संचालकांना सगळं लिहून कळवलं. दोन दिवसांत तिला कामावरून दूर केलं गेलं, चाचणी थांबली आणि गल्लीच्या तोंडाशी संस्थेची पांढरी गाडी उभी राहिली. तृप्ती-नऊला घालवायचा उपाय पहिल्यापासून तयार होता. फक्त त्याच एका जिवाणूला खाणारा विषाणू गोळीत भरलेला. दहा दिवस सकाळी एक गोळी, आणि घरातलं सगळं दही नष्ट करायचं. विरजण एकतीस घरांत पोचलेलं निघालं.

गल्ली दोन तोंडांनी बोलू लागली. नसीमभाभीनं झोयाची गोळी गाडीवर जाऊन स्वतः आणली, परत येताना मृण्मयीसमोर थांबली आणि म्हणाली, "माझ्या पोरीवर प्रयोग केलास. तिला विचारलं असतंस का तू? मला?" त्यानंतर ती बोलायची बंद झाली. कुंभोजकरकाकू मात्र भांडं द्यायला तयार नव्हत्या.

"माझं वजन सहा किलो उतरलंय. मी नाही देणार."

"काकू, नको वाटणं हे तुमचं नाहीये. तो जिवाणू—" मृण्मयी सांगू लागली.

"मग आत्ता तुझ्याशी कोण भांडतंय? जिवाणू?"

काकूंच्या दह्याच्या भांड्याचं काय करायचं, हे गाडीतल्या लोकांना सुचेना. शेवटी त्यांनी काकूंचं नाव एका वेगळ्या कागदावर घेतलं.

सदूकाकानं पहिल्याच दिवशी गोळी घेतली. "मला माजं तोंड माघारी पायजे," एवढंच तो म्हणाला. आठव्या सकाळी कढईतली खव्याची गोळी खाऊन तो पाठमोरा उभा राहिला आणि त्याचा हात पुन्हा कढईकडे गेला. त्यानं चमकून मागे पाहिलं. अण्णा स्टुलावरून बघत होते. त्या दिवसापासून घाणा पास करायचं काम सदूकाकाकडे आलं.

अण्णांनी मात्र गोळी घेतली नाही आणि घेणार नाही असंही म्हटलं नाही. गोळ्यांची पट्टी चहाच्या कपाशेजारी पडून असायची. आईनं विचारलं, सदूकाकानं विचारलं. उत्तर एकच, "बघू." मृण्मयीला ते घरात वावरू देत होते, पण तिनं पुढे केलेला चहा आधी नाकाशी नेत आणि मग पीत. पहिल्या दिवशी हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती आत जाऊन उभी राहिली. नंतर ती त्यांच्यासमोरच पातेल्यातून आपल्या कपात ओतून घेऊन आधी प्यायला लागली.

एकदाच त्यांनी आपणहून विषय काढला. "मी रांगत होतो तेव्हा माझ्या बापानं बोटावर पेढा चाटवला, असं आजी सांगायची. या भट्टीच्या वासात मी वाढलो. म्हणजे आधीची ओढ तरी माझी होती का? तीही कुणीतरी घातलेलीच."

"हो," मृण्मयी म्हणाली. "पण ती घालणाऱ्याला माहीत नव्हतं तो काय करतोय. मला माहीत होतं."

अण्णांनी मान हलवली. ते पटलं म्हणून की नुसतं ऐकलं म्हणून, ते तिला कळलं नाही.

तीन आठवड्यांनी गाडी हलणार होती. शेवटच्या दिवशी संस्थेच्या डॉ. सबनीस, तिशीची अबोल बाई, फाईल घेऊन दुकानात आल्या. एकतीस घरांपैकी तीस घरांचा निकाल लागला होता. कुंभोजकरकाकू रीतसर सही करून स्वयंसेवक झाल्या होत्या. राहिलं होतं देऊरकरांचं घर, आणि त्यातही एकटे अण्णा.

सबनीसांनी संमतीपत्र काउंटरवर ठेवलं. अण्णांनी चारही पानं वाचली. दोन शब्दांचे अर्थ विचारले. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "हे 'केव्हाही माघार घेता येईल' असं लिहिलंय. माघार घ्यावीशी वाटायला तरी पाहिजे ना माणसाला?"

"वाटेल," सबनीस म्हणाल्या. "तृप्ती-नऊ फक्त साखरेच्या ओढीवर काम करतो. विचारांवर नाही."

"तुम्हाला वाटतं तसं."

"आमच्याकडे तसे पुरावे आहेत." त्यांनी फाईल मिटली. "मी सरळ सांगते काका. डॉक्टर म्हणून विचाराल तर राहू द्या. तुमचं मूत्रपिंड सावरतंय. ओढ परत आली तर काय होईल, ते तुम्ही मागे पाहिलंयच. पण आज सांगावं लागेल. गोळ्या सुरू करायच्या, की इथं सही?"

आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. सदूकाकानं आच कमी केली. अण्णांनी मृण्मयीकडे पाहिलं. राहू द्या, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. तो उतरता आलेख तिला डोळ्यांसमोर दिसत होता. तिनं हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले आणि तोंड उघडलं नाही.

अण्णांनी पेन उचललं, टोपण लावलं आणि सबनीसांना परत दिलं.

"आत्ता मला पेढा नकोच आहे," ते म्हणाले. "म्हणून आत्ताचं माझं उत्तर मी धरत नाही. गोळ्या द्या. ओढ येऊ दे परत. ती आली की तिचं ऐकायचं की तिच्याशी भांडायचं, ते माझं मी ठरवीन. तेव्हा तुमचं दही घ्यावंसं वाटलं, तर मी चालत येऊन मागेन."